इंजिन बांधल्यावर आधी ऑइल चढवा

संपादक महोदय,

गोव्याच्या पावसात इंजिनाचे काम रेंगाळले की बांधणीच्या वेळी बेअरिंगला लावलेले ऑइल ओघळून जाते. असे इंजिन थेट सुरू करणे म्हणजे नवे बेअरिंग खरवडून घेणे, कारण कोरडा ऑइल पंप ऑइल ओढत नाही. पंप बसवतानाच त्याच्या गिअरांत व्हॅसलीन भरावे. ग्रीस मुळीच नको, ते विरघळत नाही, वाहिन्या तुंबतात. ऑइल फिल्टर ऑइलने भरून लावावा. मग स्पार्क प्लग काढून, इंधन व इग्निशन तोडून स्टार्टर 10-10 सेकंद फिरवावा. मध्ये मिनिटभर थांबावे, नाहीतर स्टार्टर जळेल. गेजवर ऑइलचा दाब दिसल्यावरच प्लग लावावेत. दाब येतच नसेल तर सक्शन पाइपची, म्हणजे पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या नळीची, ओ-रिंग (रबरी कडी) पाहावी, तिथून हवा शिरते. दुरुस्त झालेली गाडी परत घेताना गिऱ्हाइकांनी मेकॅनिकला हे जरूर विचारावे.

– एक मेकॅनिक, फोंडा