पेट्यांमधली पोकळीही शिल्पच

संपादक महोदय,

‘भिंतीला पेट्या ठोकल्या की झालं शिल्प’ असं मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्या साध्या आकारांच्या, कलेबद्दल सर्रास बोललं जातं. ते खटकतं, म्हणून हे पत्र.

न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयातला अमेरिकन कलाकार डोनाल्ड जड यांचा १९६७चा ‘स्टॅक’ घ्या. हिरवं लॅकर, म्हणजे चकचकीत रंगलेप, दिलेल्या गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर चढवलेल्या) लोखंडाच्या १२ पेट्या, भिंतीवर एकीच्या वर एक टांगलेल्या. प्रत्येक ९ इंच उंच, ४० इंच रुंद, भिंतीपासून ३१ इंच पुढे आलेली. मधलं अंतरही नेमकं ९ इंच. ही पोकळी शिल्पाचाच भाग आहे! छत बुटकं असेल तर पेट्या कमी करायच्या, अंतर आवळायचं नाही.

खरी कसोटी टांगताना लागते. खालच्या पेटीवरून वरचीचं माप घेत गेलं, तर दर वेळची २ मिलिमीटरची चूक बाराव्या पेटीला २२ मिलिमीटर होते. म्हणून सगळ्या उंची तळाच्या एकाच रेषेवरून मोजाव्यात. नुसत्या जिप्सम बोर्डाला हा भार पेलत नाही. मागे भक्कम आधार नसेल तर पेटी पुढून झुकते. हातमोजे नायट्राइलचेच, म्हणजे कृत्रिम रबराचे, हवेत, सुती मोज्यांतून घाम झिरपतो. आणि प्रेक्षकांना कळकळीची विनंती, हात लावू नका. घामातलं मीठ उघडा धातू खातं आणि बोटाचा ठसा कायमचा राहतो.

— मांडणीचं काम करणारे आपले वाचक