किनारा उलट्या दिशेने करा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमचा बेत वाचला. गुहागरपासून सुरुवात करून खाली रत्नागिरीला उतरायचं म्हणताय. उलट करा. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणजे दर वेळी गाडी थांबवायला समोरची वाहनं ओलांडावी लागतात, आणि सागरी मार्गाच्या आंधळ्या वळणांवर ते नकोच. वर येताना समुद्र डावीकडे असतो, गाडी अलगद कडेला घेता येते. म्हणून जाताना आंबा घाट, येताना कुंभार्ली.

पहिला मुक्काम पावसला. दुपारची झोप झाली की दक्षिणेला कशेळीला जा. आधी कनकादित्याचं दर्शन, मग देवघळीचा समुद्रकिनारा. गाडी कड्याजवळ जाते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, साडेपाचला पोहोचा. कड्यापासून मात्र दहा फूट मागेच. वरचा जांभा टणक दिसतो, पण खालचा थर मऊ असतो, लाटा तो पोखरतात आणि वरची कड पोटात काही नसताना नुसती पुढे आलेली राहते. फोटोसाठी तिथे उभं राहणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याकडे बघू नका. खाली पुळणीवर उतरायचा मोह टाळा. उतरणं जमेल, चढणं अंधारात होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णगड. किल्ला छोटा, मुचकुंदी नदीच्या मुखावर. गाडी खाली ठेवून वस्तीतून पंधरा मिनिटं चालायचं. दव पडलेलं असलं तर जांभ्याच्या पायऱ्या निसरड्या होतात, काठी घ्या. समुद्राकडचा दरवाजा चुकवू नका. आई, तू खाडीकडच्या तटाला टेकून बसलीस तरी पुरे. तिथून रत्नागिरीला, दुसरा मुक्काम.

आरे-वारेचा समुद्रकिनारा सगळे सूर्यास्ताला गाठतात, म्हणून तिथे तेव्हा जत्रा असते. तुम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी आठला जा. ऊन पाठीमागून येतं, पाणी खरं निळं दिसतं. संध्याकाळी तेच पाणी नुसतं चमकतं, रंग कळत नाही. शांतता जागेइतकीच वेळेवरही अवलंबून असते, हे या रस्त्यावर फार खरं आहे.

पुढे जयगडजवळ कऱ्हाटेश्वर. पायऱ्या उतरून देऊळ, शेजारी थेट समुद्र. दमलात तर वरूनच बघा. मग जयगडहून तवसाळला फेरीबोट, ज्याला तिकडे जंगलजेट्टी म्हणतात. ओहोटीला बोटीवर चढायचा उतार जास्त तिरका होतो आणि गाडीचा पुढचा बंपर घासतो, तेव्हा अगदी हळू, पहिल्याच गियरमध्ये. बोटीवर हँडब्रेक लावा. शेवटची बोट किती वाजता सुटते, ते आदल्या दिवशी लॉजवाल्याला विचारून घ्या. चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो.

हेदवीची बामणघळ मात्र भरतीशिवाय व्यर्थ. ओहोटीला खडकातली ती एक भेग, बाकी काही नाही. भरतीचं पाणी आत कोंडतं तेव्हा ते कारंज्यासारखं वर उसळतं. कालनिर्णयात तिथी बघा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीचा तास मिळतो. द्वितीया, म्हणून दीड. हा हिशोब मुंबईचा. रत्नागिरीकडे भरती अर्धा-पाऊण तास आधी येते, तेव्हा साडेबारालाच हजर राहा. तिसरा दिवस अमावास्येनंतरच्या किंवा पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला येईल असा बेत आखा. उधाण तेव्हा जोरात असतं. उमामहेश्वराच्या देवळाकडून खडकावरून जायचं, शेवाळ दिसलं की तिथेच थांबायचं. दशभुज गणपती वाटेतच आहे.

पेट्रोल रत्नागिरीत पूर्ण भरून घ्या, रोख सुटे पैसे जवळ ठेवा. मध्ये रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. बाबा, बीपीच्या गोळ्या डॅशबोर्डवर नकोत, उन्हात तापतात. त्या आईच्या पर्समध्ये.

लॉजला फोन मी करते, तुम्ही फक्त द्वितीया कोणती धरताय तेवढं कळवा.

तुमची,
लेक