शर्वाणीस, अर्ज करण्यापूर्वी

डिचोली, गोवा

चि. शर्वाणी हिस आईचे अनेक आशीर्वाद.

येत्या मार्गशीर्षात तुला अठरा वर्षे पूर्ण होतील. त्यानंतर मुंबईच्या त्या क्लिनिककडे आपल्या जन्माच्या नोंदी मागाव्यात का, असे तू चवथीला घरी आली होतीस तेव्हा आम्हां दोघांना विचारलेस. बाबा तत्काळ ‘माग की’ म्हणाले. मी ‘लिहून कळवते’ एवढेच म्हटले आणि तुझा चेहरा किंचित उतरलेला मला दिसला. उत्तर टाळावे म्हणून मी तसे म्हटले नव्हते. या विषयावर बोलायला बसलो की आपण तिघेही तो थट्टेवारी नेतो, आणि या खेपेस मला काही गोष्टी सलग सांगायच्या होत्या. माझे उत्तर बाबांचेच आहे. नोंदी अवश्य माग. मात्र काय मिळू शकेल, काय मिळणार नाही आणि कोणाला विचारल्याशिवाय काय मागू नये, हे आधी नीट समजून घे.

एका बाईने स्त्रीबीज दिले, दुसरीने, म्हणजे सरोगेटने, तुला पोटात वाढवले आणि मग आम्ही तुला घरी आणले, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यामागचे कारण मात्र त्रोटकच ठाऊक आहे. माझ्या गर्भाशयाला क्षयरोग झाला होता. क्षय म्हटला की लोकांना छाती आणि खोकला आठवतो. पण हे जंतू रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत आणि गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत पोचतात आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे एकही लक्षण दाखवत नाहीत. आपल्या देशात मूल न होण्याच्या कारणांत हे एक नेहमीचे कारण आहे, आणि बहुतेक बायकांना ते माझ्यासारखेच, दिवस का राहत नाहीत याचा तपास चालू असताना कळते. औषधांनी जंतू मेले, पण तोवर अस्तर जागोजागी चिकटून गेले होते आणि त्यात गर्भ रुजण्याजोगे काही उरले नव्हते. बीजांचा साठा किती उरला हे पाहायला पाळीच्या तिसऱ्या दिवशी रक्तातले एफएसएच हे हार्मोन तपासतात, तेही इतके चढलेले निघाले की इंजेक्शने देऊनही माझी स्वतःची बीजे मिळतील अशी आशा डॉक्टरांनी ठेवली नाही. त्यामुळे बीजही दुसरीचे आणि गर्भाशयही दुसरीचे, असे ठरले. दोन्ही एकाच बाईकडून का घेतले नाही, असे तू एकदा विचारले होतेस. डॉक्टरांनी ते करू दिले नाही आणि मला ते आजही योग्य वाटते. आपल्याच बीजाचे मूल नऊ महिने वाढवायचे आणि मग दुसरीच्या हाती द्यायचे, हा भार कोणावर घालू नये. आताच्या कायद्यात तर सरोगेटने स्वतःचे बीज देण्यास सरळ बंदीच आहे.

जिने बीज दिले तिला आम्ही पाहिलेले नाही. आमच्या हाती एक पानी तक्ता आला. त्यात वय, उंची, शिक्षण, रक्तगट, स्वतःचे एक मूल असल्याची नोंद, आणि एचआयव्ही व हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्यांचे निकाल होते. त्वचेच्या रंगाचा रकाना रक्तगटाच्याही वर होता. अशा ठिकाणी येणारी माणसे आधी काय विचारतात ते त्यावरून ओळखावे. त्या तक्त्यात जे लिहिले नव्हते ते मी नंतर वाचून समजून घेतले. एरवी महिन्याला एक पक्व होणारे बीज एकाच वेळी अनेक व्हावे यासाठी तिने दहाबारा दिवस रोज हार्मोनची इंजेक्शने घेतली असतील, मधूनमधून सोनोग्राफीसाठी खेपा घातल्या असतील, आणि शेवटच्या इंजेक्शनानंतर साधारण छत्तीस तासांनी तिला भूल देऊन सुईने बीजे काढून घेतली असतील. अंडाशय प्रमाणाबाहेर उत्तेजित झाले तर पोटात पाणी साचते आणि क्वचित जिवावर बेतते. याचे तिला पैसे मिळाले होते, आणि कोणी तुला ‘पैशासाठीच केले ना तिने’ असे ऐकवले तर ‘हो’ म्हणून मोकळी हो, कारण पैसे घेतल्याने ना धोका कमी होतो ना तिचे तुझ्यातले असणे. तुझी अर्धी जनुके तिची आणि अर्धी बाबांची आहेत, आणि पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया तर सगळेच्या सगळे तिच्याकडून आलेले आहेत.

आता तुला काय मिळू शकेल ते सांगते. तुझ्या वेळी या बाबतीत कायदा नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना तेवढ्या होत्या. त्यांनुसार दात्याच्या बीजापासून झालेल्या किंवा सरोगेटकडून जन्मलेल्या मुलाला अठरा वर्षांनंतर त्या व्यक्तींविषयी माहिती मागता येते, पण नाव आणि पत्ता सांगितला जात नाही. नोंदी निदान दहा वर्षे जपाव्यात आणि पुढे परिषदेच्या मध्यवर्ती संग्रहाकडे द्याव्यात, असेही त्यांत म्हटले होते. सूचना म्हणजे कायदा नव्हे, हे लक्षात ठेव. क्लिनिकने ‘कागद सापडत नाहीत’ असे उत्तर दिले तर मला नवल वाटणार नाही. म्हणून आमच्याकडे जे होते ते सारे मी फाईल करून ठेवले आहे, आणि तो एक पानी तक्ताही त्यात आहे.

फाईलमध्ये सरोगेटशी केलेला करारनामाही आहे, आणि त्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. करारनामा स्टॅम्प पेपरवर, इंग्रजीत टाइप केलेला होता. ती कल्याणच्या पलीकडे राहणारी मराठी बाई होती. नवऱ्याला आणि कडेवर धाकट्या मुलाला घेऊन आली होती. वकिलांनी पानापानावर बोट ठेवून ‘इथे सही’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तिने पेन हातात धरूनच मला विचारले, ‘ताई, ह्यात लिवलंय काय?’ मी एकेक कलम मराठीत सांगू लागले. वकिलांना घाई होती. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. जुळी राहिली आणि डॉक्टरांनी एक गर्भ कमी करायला सांगितला तर तिने ते मान्य करावे, अशा अर्थाचे एक कलम होते. त्यावर ती थांबली, नवऱ्याकडे न बघता म्हणाली, ‘ते मी न्हाई करायची. दोन आली तर दोन देईन.’ ते कलम खोडले गेले आणि कडेला चौघांनी सह्या केल्या. दुसऱ्या पानावर ती खोडलेली ओळ आणि तिची जोडाक्षर फोडून केलेली सही तुला दिसेल. आता २०२१ च्या सरोगसी कायद्याने सरोगेटला समजणाऱ्या भाषेत सगळे सांगून तिची लेखी संमती घेणे बंधनकारक केले आहे, गर्भ तिच्या गर्भाशयात सोडण्यापूर्वी तिला माघार घेता येते, आणि गर्भपातासाठी कोणी तिच्यावर जबरदस्ती करू शकत नाही. त्या दिवशी यातले काहीही नव्हते. तिने विचारले म्हणून तिला कळले, एवढेच.

गर्भ राहिल्यावर क्लिनिकने तिला इतर सरोगेटांबरोबर भाड्याच्या जागेत ठेवले. शेजारीपाजारी तिने कामासाठी बाहेरगावी जाते असे सांगितले होते, आणि तिच्या मुलांना रविवारी तेवढे भेटता येई. आम्ही क्लिनिकला दिलेल्या रकमेतला अगदी थोडा भाग तिच्या हाती पडला, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले. पावत्या फाईलमध्ये आहेत. बेरीज तूच कर.

त्याच वर्षी, २००८ च्या श्रावणात, आम्ही रोज धास्तीने वर्तमानपत्र उघडत होतो. गुजरातेत आणंदला सरोगेटकडून जन्मलेल्या मांजी नावाच्या मुलीचे जपानी आईवडील तिच्या जन्मापूर्वीच विभक्त झाले होते, आणि तिची आई कोणाला म्हणायचे, तिला देशाबाहेर कोणी न्यायचे, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. शेवटी तिची आजी तिला घेऊन गेली. त्यानंतर विधी आयोगाने २००९ मध्ये या विषयावर अहवाल दिला, पण २०२१ चा तो कायदा अमलात यायला २०२२ चा जानेवारी उजाडला. त्या कायद्याने पैसे देऊन सरोगसी करवून घेणे बंद झाले. सरोगेटचा वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा तेवढा द्यायचा. बीज देणारीलाही आता आयुष्यात एकदाच देता येते, आणि सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये सरोगसीसाठी दात्याचे बीज वापरण्यासच मनाई झाली होती. ती २०२४ च्या फेब्रुवारीत सैल झाली, आणि आता जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केले तर, जोडप्यापैकी एकाचे तरी स्त्रीबीज किंवा शुक्राणू असतील या अटीवर, परवानगी मिळते. दलालांचा बाजार उठला हे चांगलेच झाले. पण डॉक्टर, वकील, लॅब सगळ्यांनी आपापले पैसे घ्यावेत आणि नऊ महिने पोट वाहणाऱ्या बाईने मात्र ते परोपकार म्हणून करावे, हे माझ्या मनाला पटत नाही. तुझे मत वेगळे असेल तर सांग.

तू झालीस तेव्हा मुंबई नुकतीच सव्वीस अकराच्या हल्ल्यातून उठत होती. कोकणकन्येने आम्ही थिवीहून निघालो तेव्हा डबा अर्धा रिकामा होता. बाटलीने दूध पाजताना बाटली कशी कलती धरावी, म्हणजे बाळाच्या पोटात वारा जात नाही, हे मला तुला पोटात वाढवलेल्या त्या बाईनेच पलंगावर पडल्या पडल्या दाखवले. गर्भाच्या काही पेशी, तो पोटात वाढवणाऱ्या बाईच्या रक्तात उतरतात आणि तिच्या शरीरात पुढे कित्येक वर्षे टिकू शकतात, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा तिचा हेवा वाटला. बीजही न दिलेल्या आणि गर्भही न वाहिलेल्या बाईला असा हेवा अधूनमधून वाटतो. तो माझा मी सांभाळते. तुझा अर्ज त्यासाठी अडता कामा नये.

घरात सगळ्यांत सोपे उत्तर तुझ्या आजीने शोधले. सोयर पाळायचे की नाही, असा प्रश्न तिला पडला, कारण प्रसूती घरच्या सुनेची नव्हती. भटजींनी विचार करून, मूल या कुळाचे आहे तर सोयर पाळा, असे सांगितले. मग दहा दिवस देवपूजा शेजारच्या मुलाने केली आणि आजीने तुझी सटी यथासांग पुजली. आजोबा गेल्यावर वाटणीची बोलणी निघाली, तेव्हा मात्र एका नातेवाइकाने ‘ती मुलगी वारस धरायची का’ असे हळूच विचारून पाहिले. ते तुझ्या कानांवर आले असेल. तुझ्या जन्मदाखल्यावर आम्हां दोघांची नावे आहेत, आणि २०२१ च्या कायद्याने तर सरोगसीतून झालेले मूल त्या जोडप्याचे जैविक अपत्यच मानावे असे लिहून ठेवले आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेला आणि आता २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्यात आलेला नियम असा की आईवडिलांच्या मालमत्तेतला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, आणि मृत्युपत्र करूनही तो सहसा दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे आम्ही तुझ्यावर रागावलो तरी तो तुझाच.

एक व्यवहाराची गोष्ट. दवाखान्यात ‘आईकडे कोणाला मधुमेह, कॅन्सर’ असे विचारतात, तेव्हा तू सवयीने माझ्या मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरचे सांगतेस. बांबोळीला गेल्या वर्षी माझ्या देखत सांगितलेस. ते सांगू नकोस. तो वारसा तुझ्याकडे आलेला नाही, आणि त्यामुळे विनाकारण तपासण्या होतील. बाबांच्या घराण्यातला मधुमेह मात्र न विसरता सांग. आईच्या बाजूसाठी ‘स्त्रीबीज दात्याचे होते, इतिहास माहीत नाही’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. तुला नोंदी मागायला मी सांगते आहे त्याचे हेही एक कारण आहे.

अर्जात बीज देणारीचे त्या वेळचे वय, रक्तगट, थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारांच्या तपासण्या आणि कुटुंबातले आजार यांची माहिती माग. सरोगेटविषयी नोंदी मागायला हरकत नाही. पण तिचे नाव करारनाम्यावर आहे म्हणून तिला शोधत थेट तिच्या दारात जाऊ नकोस. तिच्या मुलांना, कदाचित सुनांनाही, यातले काही ठाऊक नसेल. भेटावेसे वाटले तर आधी तिला माझ्याकरवी निरोप जाऊ दे. तिने नको म्हटले तर विषय तिथेच थांबवायचा, हे मला तुझ्याकडून कबूल करून हवे आहे.

फाईल गोदरेजच्या कपाटात, मधल्या खणात आहे. मूळ कागद देऊ नकोस, झेरॉक्स जोड, आणि अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेव. सही तुझी एकटीची असू दे.

तुझी,
आई