वाट वाळली की नाही, हे हवामानाच्या आकड्यांना विचारा
मा. वनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

जंगलवाटेच्या गेटवर ‘पावसामुळे बंद’ अशी पाटी लागली, की ती कधी निघणार हे चौकीदारालाही सांगता येत नाही. कधी वाट खडखडीत वाळलेली असते आणि पाटी तशीच. कधी सकाळी ऊन पडलं म्हणून गेट उघडतात आणि दुपारपर्यंत वाटेचा रगडा होतो. नुकसान खरं या दुसऱ्या प्रकारात आहे. काळी माती बुटाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते, लोक चिखल टाळायला कडेच्या गवतावरून जातात, वाट दुप्पट रुंद होते. सायकलच्या चाकोऱ्या ऑक्टोबरच्या उन्हात दगडासारख्या टणक होतात.

वाळण्याचा अंदाज बांधता येतो. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. त्यातलं किती वाहून गेलं, किती मुरलं आणि ऊन, वारा, तापमान, आर्द्रता यांच्या जोरावर रोज किती उडालं, याचा ताळेबंद मांडायचा. पिकाला पाणी कधी द्यायचं हे ठरवायला कृषी शास्त्रज्ञ हाच हिशोब वापरतात. जुलैच्या ढगाळ, दमट हवेत पाऊस न पडताही वाट दिवसेंदिवस ओली राहते. ऑक्टोबरात तेवढंच पाणी लवकर उडतं. गेटवरच्या पाटीला हा फरक कळत नाही.

मात्र एकच आकडा सगळीकडे चालणार नाही. मुरमाड चढावरून पाणी लगेच निथळतं. काळी माती आधी भेगांतून पाणी पिते, मग फुगते, भेगा मिटतात आणि वरचं पाणी वरच साचतं. त्यात दाट झाडी असेल तर ऊनही नाही, वाराही नाही. म्हणून प्रत्येक वाटेचे माती, उतार आणि सावली बघून तुकडे पाडावे लागतील.

नव्या खरेदीची गरज नाही (निविदा निघाली की पुढचा पावसाळा गेलाच म्हणून समजा). हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. राज्याच्या ‘महावेध’ या हवामान-नोंदणी प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळांत आहेत. माती ओळखणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो तर इथेच, अमरावती रोडवर. वनरक्षकांनी रोज सकाळी ठरलेल्या जागी काठी रोवून ती किती रुतते याची नोंद ठेवली, तर अंदाज कुठे चुकतो तेही कळेल.

वन्यजीवांसाठीची बंदी वेगळी. तिला आमचा विरोध नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी शहरालगतची एक वाट निवडून हे सुरू करण्याचे आदेश द्यावेत आणि रोजचा अंदाज सकाळी 6 च्या आत गेटवर लावावा, एवढी विनंती.

आपला,
नागपूरचा एक सायकलस्वार