अंगणवाडी साडेचारपर्यंत उघडी हवी

संपादक महोदय,

मी ठाण्यात लोकमान्य नगरला राहते, वर्तकनगरला चार घरी पोळ्या-भांडी करते. नातू साडेतीन वर्षांचा. सूनही कामाला जाते. वस्तीतली अंगणवाडी एकला सुटते आणि मी येते साडेचारला. मग त्याला धरून बसते ती चौथीतली नात. आठवड्यातून दोन दिवस तरी तिची शाळा बुडते. एकाला शिकवायचं तर दुसरीनं घरी बसायचं, हे मला सहन होत नाही.

अंगणवाडीबद्दल तक्रार नाही. बाईंच्या हाताखाली पोरगं बोलायला लागलं. परवा मी मटार सोलत होते, तर त्यानं दाणे ताटलीत ओळीनं मांडले. एक, दोन, तीन… आणि पुढे “खूप!”

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गरिबांच्या मुलांसाठी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा बोर्डी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. ते आमच्या वस्तीत सुरू करा. अंगणवाडीच्या बाईंवर जादा ओझं नको, वेगळी मदतनीस नेमा आणि तिला नीट पगार द्या.

— एक घरकामगार आजी, ठाणे