टॅबलेटवरचं चित्रही हातानंच काढलेलं असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका चित्रप्रदर्शनासाठी मी आमच्या चिंगीचं चित्र दिलं होतं. ‘हे कॉम्प्युटरनं काढलेलं आहे, रंगचित्रांत घेता येणार नाही’ एवढं सांगून ते परत केलं. ३२ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवली. चित्र नाकारलं जाणं मला नवं नाही. पण इथे नाकारण्याचं कारणच चुकीचं होतं, म्हणून हे पत्र.

चिंगी म्हणजे काळी गावठी कुत्री. छातीवर पांढरा ठिपका, डावा कान टोकाला फाटलेला. ११ वर्षं आमच्या ओट्यावर होती, गेल्या आषाढात गेली. तिचं तैलरंगात चित्र काढायचं फार मनात होतं, पण टर्पेंटाइनच्या वासानं मला दम लागतो आणि डॉक्टरांनी ते बंदच केलं आहे. तेव्हा मुलीनं तिचा आयपॅड आणि त्याची पेन्सिल माझ्या हातात दिली. त्यात चित्रं काढायचं प्रोक्रिएट हे ॲप होतं.

फोनमध्ये चिंगीचे पुष्कळ फोटो होते, कामाचे निघाले तीन. बहुतेक उभ्यानं, वरून काढलेले. त्यात तोंड मोठं दिसतं आणि पाय काड्यांसारखे. फ्लॅश मारलेल्या फोटोंत डोळे हिरवे चमकतात. अखेर ह्यांनी पायरीवर बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून, सकाळच्या उन्हात काढलेला फोटो घेतला. ए-४ आकार ठरवला. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, तो २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा होतो. आकार याहून मोठा घेतला तर चित्राला थर, म्हणजे एकावर एक ठेवून वेगवेगळी रंगवता येणारी पारदर्शक पानं, कमी मिळतात.

काळी कुत्री काळ्या रंगानं रंगवता येत नाही. पाठीवर आभाळाची निळसर झाक होती, पोटाखाली ओट्याच्या विटांचा तांबूसपणा, आणि मानेवर ऊन पडलं होतं तिथे केसांची टोकं चक्क तपकिरी. खरा गडद काळा मी फक्त नाकपुड्यांत, डोळ्यांच्या बाहुल्यांत आणि ओठांच्या फटीत ठेवला. फोटोतला रंग बोटानं उचलून चित्रात आणता येतो, पण मी तो उचलला नाही. कॅमेऱ्यानं सावल्या एकसारख्या काळ्या केल्या होत्या. त्यातले रंग मला आठवणीनंच भरावे लागले.

केसांचे तयार ब्रश मिळतात, एका फटकाऱ्यात वीस-पंचवीस केस उमटतात. पहिल्या खेपेला मी ते वापरले आणि चिंगी दुकानातल्या खेळण्यासारखी दिसू लागली. सगळं पुसलं. मग एका केसाचा बारीक ब्रश घेतला, आपल्या शून्य नंबरसारखा. मुळाशी दाब द्यायचा, टोकाशी हात उचलायचा. पेन्सिलीला दाबही कळतो आणि तिरकेपणाही. नाकाच्या हाडावरचे केस आखूड, कपाळाकडे जाणारे. गालावरचे मागे वळलेले. आणि छातीवर भोवरा. केस कुठून कुठे जातात हे सलग दोन दिवस नुसतं पेन्सिलीच्या रेघांनी आखून ठेवलं होतं.

डोळ्यांवरच सहा तास गेले. पांढरा ठिपका दिला की डोळा झाला असं होत नाही. चिंगीच्या डोळ्यात आभाळाचा निळसर तुकडा होता, त्याखाली ओट्याची कड होती, आणि उजेड शिरतो त्याच्या समोरच्या बाजूला बुबुळ मधासारखं उजळलं होतं. ते साधलं तेव्हा ह्यांनी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि काही न बोलता आत गेले.

चुकलं की दोन बोटं टेकवून मागे जाता येतं, ही सोय मोठी आहे. पण कुठे चुकलं ते ॲप सांगत नाही. मुलांना मी चित्र आरशात पाहायला सांगायचे, तसं इथे चित्र उलटवून पाहिलं, तेव्हा एक डोळा वर चढलेला दिसला. बोटांनी चित्र मोठं करून एकेक केस रंगवत बसलं की डोक्याचा घाट हरवतो. पुन्हा लहान करून, डोळे बारीक करून पाहावं लागतं. कागदावर उतरवायलाही तीन प्रिंट लागले. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे पहिल्या प्रिंटमध्ये पाठीवरची निळी झाक पार बुजली होती.

आयोजकांना भीती कशाची आहे, ते मला कळतं. शेजारच्या मुलानं हाच फोटो एका एआय ॲपला दिला आणि क्षणात तैलचित्रासारखं चित्र आलं. देखणं होतं, पण त्यात चिंगीचे दोन्ही कान अखंड होते. तिचा कान फाटला त्या रात्री ह्यांनी तिला मांडीवर घेतलं होतं आणि मी हळद लावली होती. यंत्रानं तो फाटका कान दोष समजून दुरुस्त केला. अशी चित्रं रंगचित्रांत घेऊ नयेत, याबाबत मी आयोजकांच्याच बाजूची आहे. प्रोक्रिएटच्या कंपनीनंही आपल्या ॲपमध्ये असं चित्र बनवणारं एआय घालणार नसल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. पण एआयनं बनवलेलं चित्र आणि टॅबलेटवर हातानं काढलेलं चित्र एकाच पिशवीत टाकू नका. प्रसिद्ध इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी आयपॅडवर काढलेली चित्रं २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली होती.

‘कुत्र्याचं कसलं चित्र लावायचं’ असंही तिथे कुणी म्हणालं. साताऱ्यात हे ऐकावं लागलं याचं वाईट वाटलं. इथून जवळच, संगम माहुलीला, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे.

प्रदर्शन भरवणाऱ्या सर्व मंडळांना आणि शाळांना माझी विनंती आहे. टॅबलेटवर हातानं रंगवलेल्या चित्रांना वेगळा विभाग द्या. चित्रासोबत थर असलेली मूळ फाइल मागा. ॲप चित्र काढताना रेघेगणिक चित्रफीत साठवतं, तीही मागा. तरीही शंका राहिली तर चित्रकाराला समोर बसवून दहा मिनिटं काढायला सांगा. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं आज वडिलांच्या फोनवर बोटानं चित्रं काढतात, आणि चांगली काढतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नका.

पुढच्या वर्षी चिंगीचं चित्र मी पुन्हा देणार आहे. या चित्राला ४१ तास लागल्याची नोंद ॲपमध्ये आहे, चित्रफीत मात्र काही मिनिटांचीच होते. परीक्षकांनी ती पाहावी. फाटक्या कानावर मी किती वेळा परत आले आहे, ते त्यात दिसतं.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा