वॉर्डातले शिकवणे

नर्सिंग महाविद्यालयांना अनुभवी शिक्षक मिळत नाहीत, ही आपल्या अंकातील बातमी वाचली. तीस वर्षे वॉर्डात काढल्यावर सांगावेसे वाटते की, असे शिक्षक रुग्णालयांतच आहेत, त्यांना कुणी बोलावत नाही.

बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांतला मोठा काळ वॉर्डात जातो. तिथे अडले की मुली ड्यूटीवरच्या सिस्टरकडेच येतात. एकदा अंगातले पाणी कमी झालेल्या आजींची शीर सापडेना, विद्यार्थिनीचे हात थरथरत होते. आजींचा हात खाली सोड, कोमट फडके गुंडाळ, डोळ्यांनी शोधू नकोस, बोटाने चाचप, एवढेच मी सांगितले. दुसऱ्या प्रयत्नात सलाईन सुरू झाले. तोवर बाकीच्या रुग्णांची औषधे मात्र खोळंबली, कारण या शिकवण्याला ड्यूटीच्या तक्त्यात जागाच नव्हती.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगचे अध्यापक रुग्णसेवाही सांभाळतात. तिथे शिक्षण आणि सेवा वेगळी काढलेली नाही. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे. त्याने पुढाकार घ्यावा. शहरातल्या रुग्णालयांतील अनुभवी परिचारिकांना आठवड्यातून एक-दोन दिवस प्रात्यक्षिके शिकवू द्यावीत. त्यासाठी मानधन आणि अनुभवाचा दाखला मिळावा. आणि त्या वेळी वॉर्डात बदली परिचारिका हवीच, नाहीतर हा भार पुन्हा त्याच सिस्टरवर पडेल.

— एक निवृत्त परिसेविका, इंदिरानगर, नाशिक